टॉसनं दिलेली बाजू

आमच्या कोल्हापुरात वादविवाद स्पर्धेला विषय शोधताना कुणी डोकं खाजवत बसत नाही. पाच-सहा विषय आहेत, ते आळीपाळीनं येत राहतात. मोबाईल शाप की वरदान, प्लास्टिकबंदी, परदेशी शिक्षण आणि आरक्षण. यातलं आरक्षण सगळ्यात जास्त वेळा येतं, कारण त्याला श्रोते मिळतात. प्लास्टिकबंदीला हॉलमध्ये स्पर्धक, परीक्षक आणि चहावाला एवढेच असतात.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि गेली आठ वर्षं वादविवाद मंडळाचं काम माझ्याकडं आहे. काम म्हणजे मुलं निवडायची, त्यांच्याकडून मुद्दे घोटून घ्यायचे, स्पर्धेच्या दिवशी त्यांना वेळेवर पोचवायचं आणि हरल्यावर परीक्षकांना नावं ठेवायची. शेवटचं काम मी मनापासून करते.

ही हकिकत त्या मंडळातल्या एका मुलीची, तिच्या वडिलांची आणि मी घेतलेल्या एका अतिशय न्याय्य निर्णयाची आहे. त्या निर्णयाचा सगळ्यात जास्त त्रास वडिलांना झाला. निर्णय घेतला तेव्हा मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

स्पर्धेची रीत अशी. प्रत्येक कॉलेजातून दोघं जातात. एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात. दोघांच्या गुणांवर ढाल मिळते, वैयक्तिक नंबर वेगळे. म्हणजे दोन मुलं एकाच रिक्षातनं जातात, एकाच पुडीतला भडंग खातात, व्यासपीठावर एकमेकांची पिसं काढतात आणि पुन्हा एकाच रिक्षातनं परत येतात. मला हा प्रकार फार सभ्य वाटायचा.

कुणी कुठली बाजू घ्यायची हे माझ्या आधीचे प्राध्यापक आडनावावरून ठरवायचे. आरक्षणाच्या बाजूनं राखीव जागेवरचा मुलगा, विरोधात उरलेल्यांपैकी कुणीतरी. ते म्हणायचे, ज्याचं जळतं त्याला कळतं. म्हण खरी आहे. पण म्हणून दरवर्षी त्यालाच व्यासपीठावर उभं करून जळणं वाचून दाखवायला लावायचं का, हा प्रश्न मला पहिली सहा वर्षं पडला नाही. ते निवृत्त झाले, मंडळ माझ्याकडं आलं, आणि मीही आडनावं बघत राहिले.

प्रश्न पाडला तो या मुलीनं. ती तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. राहायला उचगावात. वडील तालुक्याच्या एका कचेरीत क्लार्क, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर लागलेले, नोकरीला तीस वर्षं होत आलेली. मुलीचा आवाज असा की माईक बंद पडला तर मागच्या रांगेला पत्ता लागणार नाही. पहिल्या वर्षी मी तिला एकदाच बोलावलं होतं, आरक्षणाच्या बाजूनं बोलायला. तिसरा नंबर आला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच विषय आला आणि मी पुन्हा तिला बोलावलं. ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, प्लास्टिकबंदीला मला का न्हाई बोलावलं?"

मी म्हणाले, त्या वेळी दोघं आधीच ठरले होते.

"आणि मोबाईलला?"

त्यालाही ठरले होते.

"प्लास्टिक आमच्या घरातबी येतंय की मॅडम. मोबाईलबी हाय माझ्याकडं."

स्टाफरूममधले दोघं-तिघं हसले. मला हसू आलं नाही, राग आला. मुलीचा नाही. ती खरं बोलत होती आणि ते मला सहा वर्षांत सुचलं नव्हतं, याचा.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी जैन घरातली. आमची शेती कागलच्या बाजूला, चुलते ऊस लावतात, एका चुलत भावाचं खतांचं दुकान आहे. आरक्षणाच्या भांडणात आम्ही स्वतःला कुंपणावरचे समजतो. मारामारी होणार असेल तर बघायला जागा चांगली मिळते. आमच्या अण्णांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, अल्पसंख्याक म्हणून नातवाचा सवलतीचा फॉर्म गावात सगळ्यात आधी भरला आणि त्याच संध्याकाळी कट्ट्यावर बसून सवलतींमुळं देशाचं कसं वाटोळं झालं ते सांगितलं. अण्णा मनानं वाईट नाहीत. फक्त दोन गोष्टी एकाच दिवसात आल्या हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मीही त्याच घरातली असल्यामुळं तटस्थपणा हा माझा मोठा गुण आहे अशी माझी समजूत होती.

तर त्या तटस्थपणानं मी निर्णय घेतला. यापुढं सगळे विषय सगळ्यांना खुले, आणि बाजू टॉस करून ठरणार. कागदावर लिहिलं, प्राचार्यांकडं नेलं. प्राचार्यांना 'पारदर्शक' हा शब्द फार आवडतो. त्यांनी तो माझ्या मसुद्यात दोन ठिकाणी घातला आणि सही केली. मी कागद फलकावर लावला. राखीव जागा या देशात पहिल्यांदा आपल्या गावात निघाल्या असं आम्ही पावण्यांना छाती काढून सांगतो. त्या परंपरेत आपणही एक चिमूटभर भर घातली, असं मला त्या दिवशी खरोखरच वाटलं.

मुलीचा जोडीदार तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. कागलकडचाच, घरी ऊस, गोठ्यात वीसेक म्हशी, दूध संघात वडिलांचा शब्द चालायचा. मुलगा चांगला. बोलायला गोड, कुणाला टाकून बोलणार नाही. आरक्षणाबद्दल त्याच्या घरच्यांचं मत ठाम होतं, फक्त ते आपल्याला मिळण्याची शक्यता किती यावर वरखाली व्हायचं. मी रुपयाचं नाणं उडवलं. मुलाला बाजू आली, मुलीला विरोध.

मी मुलीला विचारलं, चालेल का?

तिनं नाण्याकडं बघितलं. "टॉस म्हंजे टॉस," ती म्हणाली.

मुलगा म्हणाला, "मलाबी चालतंय मॅडम."

मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांचा चहा मी सांगितला.

तयारी सुरू झाली. मुलाला सगळं नवीन होतं. दोन दिवसांनी तो मला विचारायला लागला, "मॅडम, हे अजून होतंय व्हय? आमच्याकडं तर कुणी काय मानत न्हाई." मी म्हणाले, मला काय विचारतोस, ती समोर बसलीय, तिला विचार. मुलीनं पेन खाली ठेवलं.

"तू कुठंबी गेलास की विचारतात, पावणं कुठलं?"

"व्हय."

"तू गाव सांगतोस, आडनाव सांगतोस. ते म्हणतात, अरे, मग अमक्याचा कोण? चहा येतो. मला विचारतात. मी गाव सांगते. मग विचारतात, उचगावात कुठं? मग गल्ली विचारतात. मग वडील काय करतात. चहा येतोच, न्हाई म्हणत न्हाई मी. पण तुझ्यापेक्षा उशिरा येतो."

मुलानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. लिहिताना त्याचा चेहरा पडला होता, ते नाटक नव्हतं.

मुलीची तयारी मात्र एका संध्याकाळीत संपली. सात मिनिटांचं भाषण, एक मुद्दा सैल नाही. मी विचारलं, कुठलं पुस्तक वाचलंस?

"पुस्तक कशाला पायजे मॅडम? बालवाडीपासून ऐकतेय की."

आणि खरंच तिनं नुसते मुद्दे आणले नव्हते, आवाजही आणले होते. एक वाक्य शेजारच्या काकूंच्या सुरात, एक झेरॉक्सवाल्याच्या, एक अकरावीतल्या पहिल्या नंबरच्या मैत्रिणीच्या. आम्ही ऐकताना हसत होतो. तीही हसत होती. मी तिला दोन ठिकाणी शब्द बदलून दिले आणि एक वाक्य शेवटाला घे, तिथं जास्त उठेल, असं सांगितलं. ते वाक्य असं होतं: "ज्याला तीस वर्षं नोकरी करूनही विचारलं जातं की तुम्ही गुणांवर आलात की दाखल्यावर, त्याला आपण खुर्ची दिली, मान दिला नाही, मग ती खुर्ची त्यानं घेतली तरी कशाला?"

तीस वर्षं हा आकडा कुठून आला हे मला तेव्हाच विचारता आलं असतं. मला वाटलं, बोलायला चांगला वाटतो म्हणून घेतला असेल.

स्पर्धा शहरातच होती, दुसऱ्या एका कॉलेजात. हॉल भरलेला. मुलानं आपलं भाषण केलं. "माझ्या एका मैत्रिणीला चहा उशिरा येतो," असं म्हणून तो क्षणभर थांबला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. मग मुलगी उठली. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या त्या ती जागेवर येऊन बसली तरी थांबल्या नाहीत. तिला पहिला नंबर, मुलाला उत्तेजनार्थ, ढाल आम्हाला. बाहेर लोक मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, मोठ्या मनाचा पोरगा. मुलीला म्हणत होते, धाडस लागतं बाई. मी दोघांच्या मधे ढाल धरून उभी होते. आम्ही परत येताना मिसळ खाल्ली.

तिसऱ्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांचा मेसेज आला. खाली चार नमस्कार आणि वर चाळीस सेकंदांची क्लिप. त्या हॉलमधल्या कुणीतरी चित्रित केलेली, शेवटचं वाक्य नेमकं धरून कापलेली, आणि वर लिहिलेलं: 'त्यांच्यातलीच पोरगी काय म्हणते ते ऐका.' अण्णांनी स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, 'किती खरं बोलते.' मी लिहिलं, अण्णा, ही माझी विद्यार्थिनी, हे तिचं मत नाही, टॉसमध्ये ही बाजू आली होती. अण्णांनी विचारलं, टॉस कसला? मी सगळं लिहून कळवलं. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच क्लिप पुन्हा पाठवली, या वेळी दुसऱ्या कुणाकडून आलेली.

आठवडाभरात ती क्लिप मला अकरा जणांनी पाठवली. त्यात माझा दातांचा डॉक्टर होता. एकानंही मुलाचं भाषण पाठवलं नाही. कॉलेजच्या पानावर आम्ही खुलासा टाकला, की स्पर्धेतली मतं वक्त्याची वैयक्तिक नसतात. तो खुलासा मी, प्राचार्य आणि ऑफिसातले एक कारकून, अशा तिघांना आवडल्याचं दिसत होतं. दरम्यान प्राचार्यांनी गेटवर मुलीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला, हातभर फोटो, खाली 'कॉलेजचा अभिमान'. मुलगी त्या दिवसापासून मागच्या गेटनं यायला लागली. मला ते कळायला दोन आठवडे गेले, कारण मी पुढच्या गेटनं येते.

एका शनिवारी दुपारी तिचे वडील आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात चपटी पिशवी. मी बसा म्हणाले. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"पोरगीचा बाप हाय मी," ते म्हणाले. "तक्रार न्हाय मॅडम. आधीच सांगतो."

मी म्हणाले, तक्रार असली तरी करा.

"न्हाय. पोरगी चांगलंच बोलली. वस्तीत लोकं म्हणत्यात, पोरगीला चांगलं शिकिवलंसा. त्यातली निम्मी टोमणं मारत्यात, निम्म्यास्नी खरंच वाटतंय. मी दोघास्नीबी व्हय म्हणतो." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मी त्ये तीनदा ऐकलं. पैल्यांदा बरं वाटलं, पोरगी माईकवर कशी बोलती बघा. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा ऐकलं, आणि मॅडम, मला पटाय लागलं."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला.

"तीस वर्सं झाली. माझं हापिसात नाव खराब न्हाय, इच्चारा कुणालाबी. पण आता खुर्चीत बसताना वाटतंय, आपून कुणाची घेतली काय ही? अर्ध्याच खुर्चीत बसतो बगा. परवा सायेब म्हणालं, काय वो, पाठ दुखती का? म्हटलं, व्हय."

मी सावरून बसले आणि त्यांना समजावायला लागले. मला सगळे मुद्दे पाठ आहेत, वीस वर्षं शिकवतेय. संधी म्हणजे काय, हजारो वर्षं म्हणजे काय, गुणवत्ता कुणाच्या घरी कशी तयार होते. मी दोन-तीन मिनिटं बोलले असेन. त्यांनी मान हलवत शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्ये त्या पोरानं बोलल्यालं मुद्दं न्हवं?"

मी म्हणाले, हो.

"त्येबी ऐकलं. त्याचं भाषण पोरगीच्या मोबाईलात हाय. चांगलं बोलला. त्याचं काय जातंय?"

टॉसमध्ये माझ्या हातून कसलीही चलाखी झाली नव्हती. नाणं सरळ पडलं होतं. दोघांनाही दुसऱ्याची बाजू आली होती, इतकं समान की आणखी समान करता येणार नाही. आणि तो मुलगा आपली नसलेली बाजू बोलून घरी गेला, जेवला, झोपला. ही मुलगी आपली नसलेली बाजू बोलली आणि तिचा बाप अर्ध्या खुर्चीत बसायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करायला गेले न्याय, आणि त्याचं हे झालं.

जाताना ते म्हणाले, "पोरगीला यातलं सांगू नका. तिला मी सांगितलंय, भाषण हाय, भाषणागत घ्यायचं, मला काय वाटलं न्हाय."

मी सांगितलं नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी स्वतःच स्टाफरूममध्ये आली. तास नव्हता, इतर कुणी नव्हतं. काहीतरी सांगायचंय म्हणाली आणि टेबलावरची टाचणी फिरवत बसली.

"पप्पा तुम्हाला भेटून गेले न्हवं?"

मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं?

"कुणी न्हाई. त्यांच्या पिशवीत आपल्या कॉलेजची पार्किंगची चिठ्ठी सापडली. मॅडम, ते वाक्य मी त्यांच्यावरनंच घेतलंवतं. तीस वर्षं. घरात ते एकदा म्हणालेवते, अजून विचारतात म्हणून. मला वाटलं, ते सांगितलं की लोकांना लाज वाटंल. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

ती रडली नाही. मला रडू आलं, ते मी चष्मा पुसून भागवलं. शेवटी ते वाक्य शेवटाला घे म्हणून सांगणारी मीच होते. मी तिला तसं म्हणालेही. ती म्हणाली, "तुम्ही जागा चांगलीच सांगितलीवती मॅडम, उठलं की तिथं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

या वर्षी ती तिसऱ्या वर्षाला आली, तो मुलगा पदवी घेऊन घरच्या दुधाच्या धंद्यात गेला, आणि जुलैअखेर त्याच कॉलेजातून त्याच हॉलमधल्या स्पर्धेचं पत्र आलं. विषय सांगायला नकोच. तिच्या जोडीला मी पहिल्या वर्षाची एक मुलगी घेतली. टॉस करायला दोघींना बोलावलं.

"मॅडम, यंदा टॉस नको," ती म्हणाली. "मला बाजूनं बोलायचंय."

पहिल्या वर्षाच्या मुलीला कुठलीही बाजू चालणार होती, तिला फक्त स्पर्धेला जायचं होतं. अडचण होती ती माझ्याच नियमाच्या कागदाची. तो अजून फलकावर होता, कडा पिवळ्या झालेल्या. मी तिचा अर्ज घेऊन प्राचार्यांकडं गेले.

"अहो, नियम तुमचाच," ते म्हणाले. "पारदर्शक नियम. एकीला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला माझीच बाजू पाहिजे."

"म्हणू दे सर."

"मग वादविवाद कसा व्हायचा?"

प्रश्न रास्त होता. मी अर्ज पुढं सरकवला आणि गप्प उभी राहिले. प्राचार्यांना समोर कुणी गप्प उभं राहिलं की अस्वस्थ व्हायला होतं, हे मला बऱ्याच वर्षांच्या अनुभवानं ठाऊक आहे. त्यांनी 'विशेष बाब' असं लिहून सही केली.

स्पर्धेला वडील आले होते. अर्धी रजा टाकून, चौथ्या रांगेत, पिशवी मांडीवर. मुलीनं त्यांना काय सांगून आणलं होतं कोण जाणे. तिचं नाव पुकारलं. तिनं परीक्षकांना नमस्कार केला आणि नंतर पूर्ण वेळ परीक्षकांकडं एकदाही बघितलं नाही.

"गेल्या वर्षी मी याच जागेवरून एका खुर्चीबद्दल बोलले होते," तिनं सुरुवात केली. "त्या वाक्याला तुम्ही टाळ्या दिल्यात. मी आज त्या वाक्याला उत्तर द्यायला आलेय."

मग ती बोलत गेली. आपल्या वडिलांच्या कचेरीत वरच्या वाडीवरची एक म्हातारी दाखल्यासाठी चार वेळा कशी आली, चारही वेळा तिला उद्या या म्हणून कसं परत लावलं, पाचव्यांदा ती चुकून वडिलांच्या टेबलासमोर आली, वडिलांनी तिला बसवलं, फॉर्म स्वतः भरला, अंगठा घेतला आणि त्याच दिवशी कागद हातात दिला. "ती म्हातारी कुठल्या जातीची, ते माझ्या वडिलांनी घरी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत असणार, फॉर्म त्यांनीच भरला. आम्हाला सांगावंसं वाटलं नाही." मग ती म्हणाली, "त्या खुर्चीत आधी बसायचे त्यांना कधी कुणी विचारलं का, की तुम्ही गुणांवर आलात की ओळखीवर? त्यांनी पूर्ण खुर्चीत बसून तीस-तीस वर्षं नोकरी केली. मग माझ्या वडिलांनीच अवघडून का बसायचं?"

अर्ध्या खुर्चीबद्दल मी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते तिनं वडिलांकडं बघूनच ओळखलं असणार. सहाव्या मिनिटाची घंटा झाली, सातव्याची झाली. ती बोलत राहिली. आठव्या मिनिटाला घंटेवरच्या मुलानं दोनदा घंटा वाजवली आणि मग तोही ऐकत बसला. नवव्या मिनिटाच्या सुमाराला ती थांबली, कारण तिला जे म्हणायचं होतं ते संपलं होतं.

तिचा नंबर आला नाही. उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांनी मनोगतात सांगितलं, की बाजूनं बोलणाऱ्या काही स्पर्धकांनी विषय फार वैयक्तिक घेतला, वादविवादात तसं होऊ नये. मी नावं ठेवायला तयारच होते. पण खाली चहाच्या टेबलापाशी माझ्या आधी वडील परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले होते.

"सायेब, मी तिचा बाप. मार्क कशाला गेलं, तेवढं सांगा."

परीक्षक सज्जन गृहस्थ, मला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी कप खाली ठेवून नीट समजावलं. "वेळ तर गेलाच. पण मुख्य म्हणजे, अशा विषयावर जरा लांब उभं राहून बोलावं लागतं. गेल्या वर्षी मीच होतो परीक्षक. तीच मुलगी, पण किती तटस्थ बोलली होती!"

"व्हय," वडील म्हणाले. "गेल्या साली लोकांचं बोलली. लोकांचं लांबनं बोलता येतंय. औंदा घरचं बोलली."

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं मंडळ चालवताय. तुम्हीच सांगा यांना."

अशा वेळी मी नेहमी म्हणते, की आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"सर, त्यांचं बरोबर आहे," मी म्हणाले. "तुमचं चुकलं. गेल्या वर्षी माझंही चुकलं."

परीक्षकांना ते आवडलं नाही. त्यांनी बिस्किटांची बशी दुसऱ्या कुणाकडं तरी सरकवली आणि विषय बदलला. वडिलांनी माझ्याकडं बघितलं. मुलगी पायऱ्यांपाशी पिशवी घेऊन उभी होती. त्यांनी कप ठेवला, रुमालानं हात पुसले आणि तिच्याकडं गेले.

"चल," ते म्हणाले. "उद्या हापिसला लौकर जायाचं हाय. लोकं येऊन बसत्यात माझ्यासाठी."